घरी येतं, वर्गात चुकतं: लहान मुलांच्या भावना आणि त्यांचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तिसरीत आहे. घरी वजाबाकी, वाचन, पाढे सगळं नीट करते, पण चाचणीत नेमकी तीच गणितं चुकतात. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की आवाज बसतो. शिक्षकांचं म्हणणं, 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' पालक विचारतात: हे भावनांमुळे होतं का? होत असेल तर कसं, आणि आम्ही काय करायचं?

होतं, आणि बऱ्याच मुलांचं होतं. पण 'भावनांमुळे होतं' एवढ्यावर थांबलात तर हाती काही लागत नाही. भीती, लाज, कंटाळा, राग यांतलं नेमकं काय आड येतं आणि अभ्यासाच्या कुठल्या क्षणी येतं, हे शोधावं लागतं. त्याच्याही आधी एक गोष्ट तपासावी लागते: तिला ते खरंच येतं का? कारण न येण्यातूनही भीती जन्मते. भीतीपोटी चुकणारं मूल आणि येत नाही म्हणून घाबरणारं मूल वर्गात अगदी सारखंच दिसतं. पहिल्याच्या डोक्यावरचा भार कमी करायला हवा, दुसऱ्याला राहून गेलेला भाग पुन्हा शिकवायला हवा. अदलाबदल झाली तर दोघंही आहेत तिथेच राहतात.

डोक्यातली पाटी

आपण विचार करताना ज्या गोष्टी क्षणभर मनात धरून ठेवतो, त्या जागेला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. तिला डोक्यातली पाटी समजा. ही पाटी फार लहान असते. मोठ्या माणसालाही तिच्यावर एका वेळी साधारण चार गोष्टी धरता येतात, सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याहून कमी. शिवाय तिच्यावर लिहिलेलं काही सेकंदांत पुसट होऊ लागतं.

आता ५३ वजा १७ हे गणित घ्या. तीनमधून सात जात नाहीत हे ओळखायचं, दशकाकडून एक उसना घ्यायचा, तीनाचे तेरा करायचे, तेरातून सात वजा करून सहा मिळवायचे आणि लिहायचे. हे सगळं करताना 'पाचाचे चार झालेत' ही गोष्ट मागे सांभाळून ठेवायची. मग चारातून एक गेला, तीन उरले. उत्तर ३६. यातला सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे तो सांभाळून ठेवलेला चार. त्याच क्षणी मुलीच्या मनात 'बाई इकडेच येतायत', 'शेजारणीचं झालंसुद्धा', 'परत चुकलं तर घरी काय सांगू' यातलं एखादं वाक्य आलं, तर तेही याच पाटीवर लिहिलं जातं. त्याला वेगळी जागा नसते. चार पुसला जातो आणि पाचातून एक वजा होतो. उत्तर येतं ४६.

मुलीला वजाबाकी येत होती, कष्टही ती करत होती. फक्त पाटीवर जागा उरली नाही. बाहेरून मात्र हे हुबेहूब 'लक्ष नाही' असंच दिसतं. शिक्षकांचं निरीक्षण खोटं नाही. लक्ष खरंच गणितावर नसतं. ते काळजीवर असतं.

गणिताची भीती आणि वर्किंग मेमरी यांचा हा संबंध ॲशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांनी २००१ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांत दाखवला. रामिरेझ, बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली: भीतीचा फटका ज्यांची पाटी मोठी आहे अशा मुलांना जास्त बसत होता. कारण समजायला सोपं आहे. ही मुलं तोंडी, मनातल्या मनात, एका दमात हिशेब करतात, म्हणजे पाटीवर जास्त विसंबतात. बोटं मोजत जाणारं मूल घाबरलं तरी बोटं कुठे जात नाहीत. मनातल्या पाटीवर चालणारं मूल घाबरलं की त्याचं हत्यारच जातं. 'हुशार असून असं कसं होतं' या प्रश्नाचं पुष्कळसं उत्तर इथे आहे.

आधी तपासा: येत नाही, की त्या क्षणी सुचत नाही?

यासाठी घरी परीक्षेचं सोंग आणायची गरज नाही. दडपणाखाली काय होतं याचा पुरावा वर्गातल्या उत्तरपत्रिकेत आहेच. दोन-तीन जुन्या चाचण्यांतली चुकलेली दहा गणितं काढा. निदान दोन आठवडे जुनी असावीत, म्हणजे उत्तरं लक्षात नसतील. ती कोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, एका पानावर पाचच, अशी उतरवा. लाल खुणा असलेला मूळ कागद समोर ठेवू नका. जेवण-खेळ झालेलं असताना, घड्याळ न लावता सोडवायला द्या आणि तुम्ही शेजारी न बसता खोलीत दुसरं काहीतरी करत राहा. मान वळवून बघणारा पालक हेही दडपणच असतं.

दहापैकी आठ-नऊ बरोबर आली तर ज्ञान आहे, वाट अडली आहे. दोन-तीनच आली तर तो भाग शिकायचाच राहिला आहे, आणि वर्गातली भीती त्याची सावली आहे. मधलं काही आलं, आणि बहुतेक वेळा मधलंच येतं, तर दोन्ही आहे. हे आकडे म्हणजे कामापुरता अंदाज आहे, निदान नव्हे.

मग चुकलेली गणितं बघा, पण बरोबर-चूक एवढंच मोजू नका. चूक कशी झाली ते वाचा. वरच्याच गणितात ४६ आलं तर उसना घेतलेला विसरला: पाटीची चूक. ४४ आलं तर मुलीने सातातून तीन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच तिला कळलंय. ही समजेची चूक आहे, ती कितीही शांत वातावरणात पुन्हा होईल. इथे एक खोच आहे. गणित ५२ वजा १७ असतं, तर दोन्ही वाटांनी ४५च आलं असतं: बारातून सात गेले तरी पाच, सातातून दोन गेले तरी पाच. अशा गणितावरून काहीच ठरवता येत नाही. एककांमधला फरक पाच नसलेली गणितं तपासणीला घ्या. ६१ वजा ३८ चांगलं आहे: बरोबर उत्तर २३, उसना विसरला तर ३३, उलटी वजाबाकी केली तर ३७. ७३ वजा २६ मध्ये अनुक्रमे ४७, ५७ आणि ५३.

शेवटी चुकलेलं एखादं गणित मोठ्याने बोलत करायला सांगा. वाक्य महत्त्वाचं आहे: 'हे कसं केलंस ते मला सांग बरं.' 'असं का केलंस?' म्हटलं की मूल आपण चुकलोय असं समजून उत्तर पुसायला धावतं, आणि तुम्हाला हवी असलेली माहिती खोडरबराबरोबर जाते.

लाज ही भीतीपेक्षा चिवट

पालकांचं लक्ष भीतीकडे जातं, कारण ती दिसते: हात थंड, पोटात गोळा, रडू. प्राथमिक वयात अभ्यासाचं खरं नुकसान लाज जास्त करते, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती दिसत नाही. भीती प्रसंगापुरती असते. चाचणी संपली की उतरते. लाज मुलाच्या स्वतःबद्दलच्या मतात जाऊन बसते. 'मला हे गणित आलं नाही' याचं 'मला गणित येत नाही' होतं, आणि ते एकदा झालं की मूल प्रयत्नच टाळतं. प्रयत्न करून चुकण्यापेक्षा प्रयत्न न करता चुकणं कमी दुखतं, हा त्यामागचा हिशेब आहे. सात वर्षांचं मूलही तो बरोबर मांडतं.

लाजेच्या खुणा आळसासारख्या दिसतात. वही घरी विसरणं, पेन्सिलीला सारखं टोक काढणं, बरोबर ऐनवेळी पाणी प्यायला जाणं, अक्षर मुद्दाम गिचमिड काढणं (वाचताच आलं नाही तर चूक सापडणार कशी), पहिल्याच गणिताला 'कंटाळा आला' म्हणणं, आणि वर्गात विदूषकपणा करणं. शेवटची खूण सगळ्यात जास्त फसवते. आपल्या चुकीवर लोक हसण्याआधी आपणच हसवलं तर ते हसणं आपल्या ताब्यात राहतं, हे मुलाने शोधून काढलेलं असतं. त्याला मस्तीखोर म्हणून शिक्षा झाली की लाजेवर आणखी एक थर चढतो.

मोठ्याने वाचताना हे जवळून दिसतं. मूल पहिलं अक्षर बघून शब्दाचा अंदाज बांधतं: 'प्रकाश' लिहिलंय आणि वाचतं 'प्रवास'. जोडाक्षर आलं की आवाज खाली जातो, वाक्याचा शेवट गिळला जातो, ओळ संपायच्या आत पुढची सुरू होते. त्याला तिथून लवकर सुटायचं असतं. तोच उतारा एकटं असताना बोट ठेवून वाचलं तर निम्म्या चुका होत नाहीत. यावर सांगण्यासारखा उपाय एकच, आणि तो शिक्षकांच्या हातात आहे: कुणाला कुठला उतारा वाचायचाय ते आदल्या दिवशी सांगावं, चार-पाच ओळींपेक्षा जास्त देऊ नये. मूल घरी तो तीनदा वाचून येतं. पहिले दोन आठवडे ते पाठ करून येईल. येऊ द्या. वर्गासमोर न अडखळता वाचल्याचा अनुभव एकदा पदरात पडला की मग न सांगितलेला उतारा देता येतो. उलट क्रमाने, म्हणजे 'सवय व्हावी' म्हणून रोज अचानक उठवून, फक्त अडखळण्याची सवय होते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. घरीही करून पाहा. प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजा. तीन सेकंद किती लांब वाटतात ते तेव्हाच कळतं.

कंटाळा, राग, उदासी

कंटाळा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींसाठी मुलं एकच शब्द वापरतात. अभ्यास फार सोपा असला तरी कंटाळा येतो, फार अवघड असला तरी येतो. ओळखायची खूण: त्याच विषयातलं एक पायरी वरचं काम द्या. डोळे चमकले तर काम सोपं होतं. मूल आणखी मागे सरकलं तर अवघड होतं. तेव्हा एक नव्हे, दोन पायऱ्या खाली या. उसना घेऊन वजाबाकी जमत नसेल तर आधी 'दहातून किती गेले' हे पक्कं करा.

राग बहुतेक वेळा आतल्या निराशेचं वरचं टोक असतो. पान फाडणं, खोडून खोडून भोक पाडणं, पेन्सिल फेकणं. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. त्यांना खोडरबर काही दिवस बंद करा आणि चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायला शिकवा. एवढ्यानेही पानावरची निम्मी लढाई थांबते, कारण चूक लपवायची नसते हे हातालाच कळतं.

उदासी वेगळी. घरातलं भांडण, आजारपण, मृत्यू, जिवलग मैत्रीण शाळा सोडून जाणं, अशा वेळी सगळ्याच विषयांत एकदम घसरण होते. एकाच विषयात घसरण असेल तर कारण त्या विषयात किंवा त्या तासात शोधा. सगळीकडे एकदम असेल तर वर्गाबाहेर शोधा. उदासीच्या काळात नवं शिकवण्याचा आग्रह धरू नका. येत असलेलं चालू ठेवणं पुरेसं आहे.

आनंदाबद्दल एकच: उत्साहाच्या भरातही पाटी भरते. सहलीच्या आदल्या दिवशी मुलं चुका करतात त्या यामुळेच. त्याचं मनावर घेऊ नका.

घरचा अभ्यास: कुठे बिघडतं

तिसरीच्या मुलाला सलग २० मिनिटं पुरे. मग पाच मिनिटं उठून हालचाल, हवं तर आणखी २० मिनिटं. पहिली तीन मिनिटं येत असलेल्या गोष्टीला द्या: दोन सोपी गणितं किंवा काल वाचलेला उतारा. मधे नवं किंवा अवघड. शेवट पुन्हा येत असलेल्यावर. हा क्रम चुकीचा लावला जातो, 'अवघड आधी उरकून टाकू' म्हणून, आणि मग पुढची सगळी वेळ पहिल्या पाच मिनिटांतल्या हिरमोडीत जाते. अवघड कामात तीनपैकी दोन तरी प्रयत्न बरोबर येतील अशी पातळी निवडा. त्याहून कमी येत असतील तर गणितं बदला.

रडू आलं तर तिथेच थांबवा. रडणारं मूल शिकत नाही, आणि त्या वेळी रेटून पूर्ण करून घेतलेलं दुसऱ्या दिवशी उरत नाही. शांत व्हायला सहसा १५-२० मिनिटं लागतात. पण थांबवताना एक पथ्य पाळा: शांत झाल्यावर त्याच गणितावर परत या, हवं तर फक्त पहिली पायरी करा, आणि मग संपवा. रडल्यावर अभ्यास कायमचा टळतो असं चार-पाच वेळा झालं की रडणं हीच युक्ती बनते. त्यात मुलाची लबाडी नसते, तशी सवय आपणच लावलेली असते.

पाटीवरचा भार कागदावर उतरवायला शिकवा. उसना घेतला की पाच खोडून वर चार लिहायचेच, मनात ठेवायचे नाहीत. शाब्दिक उदाहरणात वाचता वाचता आकडे बाजूला टिपायचे. मोठ्या चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एक अंक. हुशार मुलं याला कमीपणा समजतात: 'मला तोंडी येतं.' त्यांना खरं कारण सांगा: घाई असते, गोंधळ असतो तेव्हा डोक्यातलं पुसलं जातं, कागदावरचं पुसलं जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि पटतंही.

तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती असेल, तर हे नीट वाचा. मॅलोनी, बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या अभ्यासात असं दिसलं की गणिताची भीती असलेले पालक पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत होते, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. तेच पालक कमी मदत करत होते, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे पालकाची भीती मुलात आपोआप उतरत नाही, शेजारी बसल्यावर उतरते: सुस्काऱ्यातून, घाईतून, 'मलाही कधी जमलं नाही गं' यातून. अशा वेळी गणित घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुम्ही वाचन घ्या. ते जमत नसेल तर शिकवू नका, मुलीला शिकवायला लावा: ती समजावेल, तुम्ही ऐका.

शाबासकीबद्दल. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काहींना 'किती हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'छान मेहनत केलीस'. नंतर अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश येऊ दिलं. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांनी लवकर हात टेकले आणि पुढच्या सोप्या फेरीतही त्यांची कामगिरी खाली गेली. पण यातून नुसतं 'मेहनत केलीस' म्हणत राहणं असा धडा घेतला जातो, तो अर्धवट आहे. मेहनत करूनही उत्तर चुकलं असेल तर ते वाक्य मुलाला पोकळ लागतं. नेमकं काय बरोबर केलं ते सांगा: 'उसना घेतल्यावर लगेच वर चार लिहिलास, म्हणून सुटलं.' अशा वाक्यातून मुलाला उद्या काय करायचं ते कळतं.

भावनेला नाव

'वाईट वाटतंय' या दोन शब्दांत आपली मुलं फार काही कोंबतात. मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. अजून काही घडलेलं नाही पण घडेल असं वाटतं ती धास्ती. अपेक्षा केली आणि मिळालं नाही तो हिरमोड. चारचौघांत चूक उघडी पडली की ओशाळणं. दुसऱ्याला आलं, मला नाही, हा हेवा. आपल्या माणसाने लक्ष दिलं नाही, हा रुसवा. हे शब्द वेगळे आहेत कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत: धास्तीला पुढे काय होणार याची माहिती लागते, हिरमोडीला थोडा वेळ लागतो, ओशाळण्याला एकांत लागतो. ओशाळलेल्या मुलाला सगळ्यांदेखत धीर देणं म्हणजे त्याच्याकडे आणखी नजरा वळवणं.

कॅरोल इझार्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाचव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भावना ओळखून त्यांना नाव देता येणारी मुलं नवव्या वर्षी शिक्षकांच्या मते अभ्यासातही पुढे होती. शाळांमधून भावनांचं शिक्षण देणाऱ्या २१३ उपक्रमांचा आणि सुमारे २,७०,००० विद्यार्थ्यांचा एकत्र आढावा डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घेतला. शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेलं मूल अशा उपक्रमानंतर अभ्यासात सुमारे ११ पायऱ्या वर गेलेलं दिसलं.

करायचं कसं: रडण्याच्या भरात नाव विचारू नका. तेव्हा फक्त जवळ बसा. नंतर, चालताना किंवा झोपायच्या आधी, दोन पर्याय द्या: 'बाईंनी उठवलं तेव्हा धास्ती वाटली, की चुकल्यावर ओशाळल्यासारखं झालं?' 'तुला काय वाटलं?' या मोकळ्या प्रश्नाला या वयात 'काही नाही' हेच उत्तर येतं. मुलीने 'दोन्ही नाही' म्हटलं तरी चालेल, तिने निवड केली. आणि ताबडतोब उपाय सांगू नका. भावना सांगितली की लगेच उपदेश येतो हे कळलं की मुलं सांगणं बंद करतात.

चाचणीच्या दिवशी

नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असं पाच वेळा. एका मिनिटाच्या आत होतं. बाहेर सोडणं लांब हवं, शरीर शांत होतं ते त्यामुळे. पण हे चाचणीच्या सकाळी पहिल्यांदा शिकवलं तर उपयोग होत नाही, उलट 'आता घाबरायची वेळ आली' असा इशारा मिळतो. आधी दोन आठवडे, काहीही कारण नसताना, रोज एकदा करा. पेपर हातात आल्यावर सगळा वाचायचा, येणारे प्रश्न आधी सोडवायचे, हेही घरी दोनदा करून बघा. नववीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेआधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्यांचे गुण सुधारतात, असं रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं. तिसरीतल्या मुलाकडून दहा मिनिटं लिहून घेऊ नका, त्याला लिहिणं हेच एक काम असतं. आदल्या संध्याकाळी बोलून किंवा चित्र काढून मोकळं होऊ द्या.

झोप यातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास लागते. कमी झोपलेलं मूल पेंगण्यापेक्षा चिडचिड आणि चळवळ जास्त करतं, म्हणून ते लक्षात येत नाही.

शिक्षकांना काय विचाराल

'ती घाबरते, तिला सांभाळून घ्या' एवढ्या बोलण्यातून काही ठरत नाही. घरी केलेल्या तपासणीचा कागद घेऊन जा: ही दहा गणितं चाचणीत चुकली, घरी वेळ न लावता यातली इतकी बरोबर आली. मग तीन प्रश्न. कोणत्या तासाला, कोणत्या कामात ती जास्त अडते? शेजारी कोण बसतं? चूक झाल्यावर ती लगेच काय करते? आणि दोनच मागण्या, महिन्याभरासाठी: वाचायचा उतारा आदल्या दिवशी कळावा, आणि पाढ्यांसारख्या वेळ लावून घ्यायच्या चाचणीत तिला वेळ न लावता सोडवू द्यावं. यापेक्षा जास्त मागण्या केल्या तर एकही टिकत नाही. वर्गात इतरही मुलं असतात. शिक्षकांशी मुलाचं नातं कसं आहे, याचं वजन मोठं आहे. हॅमरे आणि पियान्टा यांच्या २००१च्या अभ्यासात बालवर्गातल्या शिक्षकाशी असलेल्या तणावाच्या नात्याचे धागे थेट आठवीपर्यंतच्या निकालांत दिसले. म्हणून घरी मुलीसमोर शिक्षकांना दोष देणं टाळा, तक्रार रास्त असली तरी. ती रोज सहा तास त्यांच्यासमोर बसते.

भावनांच्या पलीकडचं काही असेल तर

सगळं भावनांवर ढकलू नका. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवताना चुकतं पण पुस्तकातून उतरवताना नाही, तर नजर. सर्दीनंतर महिनाभर 'लक्ष नाही', तर कान. वाचनाची अडचण शांत घरातही तितकीच राहते, सारखी दिसणारी अक्षरं आणि मात्रा-वेलांट्या आठव्या वर्षानंतरही उलटसुलट होतात, तर शिकण्यातल्या अक्षमतेची चाचणी करून घ्या. ती वेळेत कळली की 'मी मठ्ठ आहे' ही लाज टळते.

पोटदुखी, डोकेदुखी फक्त शाळेच्या दिवशी सकाळी येत असेल आणि सुट्टीला गायब होत असेल, तर दुखणं खरं असतं. कारण मात्र वेगळं असतं. आधी डॉक्टरांना दाखवा, मग शाळेतल्या समुपदेशकाशी किंवा बालमानसतज्ज्ञाशी बोला. शाळेत जायला ठाम नकार, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, भूक-झोपेतला बदल, अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू होणं, एका विशिष्ट माणसाचं किंवा मुलाचं नाव निघताच गप्प होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. 'मी नसते तर बरं झालं असतं' यासारखं वाक्य आलं तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा, आणि शाळा टाळण्यासाठी बोलते असं गृहीत धरू नका.

वर सांगितलेलं सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त तपासणी. दुसऱ्यापासून अभ्यासाचा क्रम, कागदावर भार उतरवणं आणि श्वासाचा सराव. शिक्षकांशी बोलणं तिसऱ्या आठवड्यात. एका छोट्या वहीत तारीख, काम, किती बरोबर आणि त्या वेळचा भावनेचा शब्द, अशी रोज एक ओळ लिहा. सहा आठवड्यांनी नव्या चाचणीतली चुकलेली गणितं पुन्हा घरी द्या. चुका कमी झाल्या असतील आणि उरलेल्या घरीही चुकत असतील, तर भीतीचा भाग ओसरला. आता फक्त शिकवायचं आहे. चाचणीत अजून तितक्याच चुका आणि घरी सगळं बरोबर, असं असेल तर वर्गात असं काहीतरी आहे जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही. तेव्हा ती वही घेऊन पुन्हा शिक्षकांकडे जा.